बुजवलेलं काज

"काका कसे आहेत आज?" औषधाच्या दुकानदाराने विचारलं. मावशींनी पिशवी काउंटरवर ठेवली आणि एक सुस्कारा सोडला. सुस्कारा फार मोठा झाला तर दुकानदार घाबरतो आणि अगदीच लहान झाला तर त्याला वाटतं आता गोळ्या कमी करायला हरकत नाही. मधला सुस्कारा मावशींना आता सवयीने जमत होता.

"आहेत. काल दोन घास जास्त जेवले. पाठ मात्र काही ऐकत नाही बघा."

"ऐकेल हो. दुखणं जायलाही वेळ घेतं. खमका माणूस आहे, तुम्ही काळजी करू नका."

ज्या खमक्या माणसाबद्दल हे चाललं होतं तो, मावशींचा नवरा, मागच्या हिवाळ्यातच गेला होता. अंगाचं पार चिपाड होऊन गेला होता. हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, लाँड्रीवाल्याला ठाऊक होतं, परगावच्या लेकीला तर ठाऊक होतंच. ठाऊक नव्हतं ते फक्त या दुकानदाराला. त्याचं दुकान घरापासून लांब, हॉस्पिटलच्या दारासमोर होतं, आणि आजारपणात औषधं तिथूनच यायची. काकांना त्याने जन्मात कधी पाहिलं नव्हतं. तरी आज त्यांची विचारपूस करणारा जगात तेवढा एकच माणूस उरला होता.

मावशी म्हणजे रफूवाल्या मावशी. लाँड्रीच्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या वाफेत, भिंग लावलेल्या दिव्याखाली त्यांचं टेबल होतं. कोटाला कसर लागो, सिगरेटचं भोक पडो, खिळ्यात अडकून पँट फाटो, मावशी त्याच कपड्याच्या शिवणीच्या आतल्या दुमडीतून एकेक धागा उपसायच्या आणि उभे-आडवे असे विणायच्या, की गिऱ्हाईक कपडा उलटसुलट करून विचारायचं, "अहो पण भोक होतं कुठे?" लाँड्रीवाला त्यावर दरवेळी तोच विनोद करायचा, "भोक आम्ही ठेवून घेतलं, साहेब." मावशींना त्या विनोदाचा वीट आला होता, पण हसू मात्र दरवेळी यायचं.

उभं आयुष्य मान वाकवून गेलं, तेव्हा मान दुखणारच. त्या दुखण्याचं इतकी वर्षं कोणी कौतुक केलं नव्हतं, मावशींनीही केलं नव्हतं. पण काका गेले, पाहुणे आले, जेवले, "तू फार खंबीर आहेस गं" असं म्हणून आपापल्या घरी गेले, आणि एका दुपारी मावशींची मान अशी धरली की ना इकडे वळे, ना तिकडे. फळीवर काकांच्या दुखण्यावरच्या पांढऱ्या गोळ्यांची अर्धी पट्टी उरली होती. सुटं बटण आणि वीतभर दोराही न टाकणाऱ्या बाईच्या हातून चांगलं औषध टाकलं कसं जाईल? त्यांनी एक गोळी घेतली.

मान तर सुटलीच. पण त्याहून मोठी गंमत झाली. इतके दिवस चहूबाजूंनी अंगावर येणारं घर चार पावलं मागे सरकून उभं राहिलं. रिकामी खुर्ची नुसती खुर्ची झाली. रडू येईल, आता येईल, असं म्हणेपर्यंत गोळी आली होती, आणि रडू राहूनच गेलं.

पट्टी संपल्यावर त्या दुकानात गेल्या त्या खरं तर मानेसाठी काहीतरी साधं मागायला. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत दुकानदाराने फळीवरून पट्ट्या काढून समोर ठेवल्या. "काकांच्याच ना?" मावशींनी फक्त मान हलवली. खोटं असं त्या बोललेल्याच नव्हत्या, निदान त्या दिवशी तरी.

पुढे मात्र बोलावं लागलं. आणि एकदा बोलायला लागल्यावर मावशींनी काकांना असं काही वाढवलं की खुद्द काकांनीही स्वतःला ओळखलं नसतं. जन्मभर नाकावर राग घेऊन वावरलेला माणूस. रेडिओचा आवाज कोणी कमी केला तरी दिवसभर घुमा बसायचा. तोच आता दुकानात सोशिक झाला, खिडकीत बसून कबुतरं बघू लागला, "तू दमलीस, जरा बस" असं बायकोला म्हणू लागला. दुकानदार ऐकून गहिवरायचा. परतीच्या बसमध्ये मावशी त्या वाक्याची चव घोळवत बसायच्या, "तू दमलीस, जरा बस." ते वाक्य आपणच रचलंय, हे अर्ध्या वाटेत त्या खुशाल विसरून जायच्या.

एका गोळीच्या दोन झाल्या, दोनाच्या किती झाल्या ते मावशींनी बघायचं सोडून दिलं. गोळीला उशीर झाला की नाक वाहायचं, जांभयांवर जांभया यायच्या, पोटऱ्यांतून मुंग्यांची रांग चालल्यासारखं व्हायचं. त्याला त्या "हवा बाधली" म्हणायच्या. व्यसनी म्हणजे पुलाखाली मळक्या चादरीत पडलेली पोरं. ती मावशींना जाता-येता दिसायची आणि त्या चुकचुकायच्या. बसमध्ये जिला बघून लोक उठून जागा देतात, त्या सत्तरी ओलांडलेल्या चष्मेवाल्या बाईला व्यसनी कोण म्हणेल? कोणीच म्हणत नव्हतं. लेक रविवारी फोन करायची. "आई, बरी आहेस ना?" "बरी आहे." "गोळ्या वेळेवर घेतेस ना?" लेक रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल विचारायची. "अगदी वेळेवर," मावशी म्हणायच्या, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

तर त्या दिवशी सुस्कारा सोडून झाल्यावर दुकानदाराने पट्टी दिली, पण एकच. ती देताना तो इकडेतिकडे बघत होता.

"काकू, एक सांगायचंय. या गोळ्यांवर आता फार कडक नजर आहे. काकांची चिठ्ठी जुनी होऊन पार पिवळी पडली. तुमच्याकडे बघून मी देत राहिलो, पण आता नवी चिठ्ठी लागेल."

"ते कुठे उठतायत हो डॉक्टरकडे यायला."

"म्हणूनच म्हणतो, आपणच जाऊ. वरच्या मजल्यावर दवाखाना आहे ना, त्या डॉक्टरीणबाई घरी येतील. मीही येतो बरोबर. एवढ्या दिवसांत काकांना एकदा भेटलोही नाही, मलाच लाज वाटते."

मावशींचं धाबं दणाणलं. "बघू," म्हणून त्यांनी पट्टी पिशवीत टाकली आणि समोर आली ती पहिली बस पकडली. ती भलतीकडेच जाणारी निघाली.

एक पट्टी पुरवून वापरायची असं त्यांनी ठरवलं. असल्या ठरवण्यांचं जे होतं तेच झालं. सकाळी काटकसर केली, दुपारी अंग मोडून आलं, आणि सकाळची उरलेली नि संध्याकाळची अशी सगळी भरपाई त्यांनी दुपारीच करून टाकली. टेबलावर एका वकिलाचा काळा कोट पसरलेला होता. खिशाच्या झाकणाला कसर लागली होती, नखाएवढं भोक. दिवा ऊबदार होता, पलीकडे इस्त्री फुसफुसत होती. फार छान दुपार गेली. सुई आपोआप चालत होती, हात आणि कापड जणू एकाच अंगाचे झाले होते. अशी दुपार कैक वर्षांत गेली नव्हती, एवढं मावशींच्या पक्कं लक्षात राहिलं.

दोन दिवसांनी लाँड्रीवाला तो कोट हातावर टाकून मागच्या खोलीत आला. तो हसत होता. बापाच्या मागे दुकान सांभाळायला लागला तेव्हापासून मावशींच्या हातचं काम बघत आलेला माणूस.

"मावशी, काय केलंत हे? वकीलसाहेब आरशासमोर उभे. बटण लावतायत, लावतायत, लागतच नाही. मला म्हणे, पोट सुटलं की काय माझं! मी जवळ जाऊन बघतो तर काजच नाही. मावशी, काज कुठे गेलं?"

मावशींनी कोट भिंगाखाली घेतला. डाव्या बाजूला, छातीच्या खाली, जिथे काज असायला हवं, तिथे सलग काळं कापड होतं. त्यांनी बोट फिरवलं, बोटाला काही लागलं नाही. कापड उलटं केल्यावर दिसलं. काजाच्या कडेचे सगळे टाके आधी नीट उसवले होते. मग आतल्या दुमडीतून एकेक धागा काढून, उभे-आडवे विणून, ती फट अशी मिटवली होती की वकिलाला दोष देण्यात अर्थच नव्हता. शेवटी धाग्याचं टोक चिरून दोन बाजूंना दडवलेलं. तशी टोकं दुसरं कोणी दडवत नाही. हात त्यांचाच होता, आणि इतकं सुरेख काम त्यांच्या हातून गेल्या कितीतरी दिवसांत झालं नव्हतं. खिशावरचं कसरीचं भोक होतं तिथेच होतं.

त्यांना काहीएक आठवेना. टाके उसवल्याचं नाही, धागे काढल्याचं नाही. ती ऊबदार दुपार तेवढी आठवत होती.

लाँड्रीवाल्याचं हसू हळूहळू विरलं. "हे भरायला तासन्‌तास लागले असतील तुम्हाला," तो म्हणाला. "काज आहे हे एकदाही लक्षात नाही आलं?" मावशींनी कोट पुन्हा सुलटा केला. "डोळे तपासून घ्या, मावशी. होतं असं वयात."

डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. मावशींनी कात्री घेतली. स्वतः मिटवलेलं स्वतःच उघडायचं आणि काज पुन्हा करून द्यायचं, एवढं तर करायलाच हवं होतं. पण त्या दिवशी गोळ्या संपत आल्या होत्या आणि त्यांनी सकाळपासून एकही घेतली नव्हती. कात्रीचं टोक कापडावर नाचायला लागलं. त्यांनी मनगट टेबलाला दाबून धरलं, तर टेबलावरची सुयांची डबी वाजायला लागली. नाकातून पाण्याची धार, कपाळावर घाम. लाँड्रीवाल्याने त्यांच्या हातातून कात्री काढून घेतली, अगदी हळू, आणि कोट समोरच्या शिंप्याकडे पाठवून दिला.

"काही दिवस आराम करा," तो म्हणाला. "टेबल तुमचंच आहे, कोणी हात लावणार नाही."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. मावशी घरी आल्या आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. गोळी घेतली तर हे हात त्यांना न विचारता भलतंच काम करतात, आणि नाही घेतली तर कसलंच काम करत नाहीत. घर पुन्हा अंगावर येऊन बसलं होतं. त्यांना कोणाला तरी हाक मारावीशी वाटली, पण हाक मारायला नाव कोणाचं घ्यायचं हे सुचेना. शेवटची गोळी त्यांनी रात्रीपर्यंत कशीबशी लांबवली.

सकाळी त्या औषधाच्या दुकानी निघाल्या. खरं सांगायला वगैरे मुळीच नाही, गोळ्या आणायलाच. बसमध्ये बसून त्यांनी बेत पक्का केला होता. दुकानदार घरी येतो म्हणाला तर सांगायचं, काकांना लेकीने आपल्याकडे नेलं. तिकडच्या डॉक्टरची चिठ्ठी मिळेपर्यंत गोळ्या हव्यात, एकदम जरा जास्तच द्या. बेत चोख होता.

आणि तो लागूही पडला. दुकानदाराचा चेहरा आधी पडला, मग खुलला. "लेकीकडे? हे उत्तम केलंत, काकू. माणसांत राहिले की निम्मं दुखणं जातं." त्याने एकदा दाराकडे पाहिलं, खालचा खण उघडला आणि होत्या तेवढ्या पट्ट्या काउंटरवर ठेवल्या. "प्रवासात कमी पडायला नकोत. पुढे मात्र तिकडची चिठ्ठी."

मावशींच्या जिवात जीव आला. त्यांनी पट्ट्यांवर हात ठेवला.

"थांबा, थांबा, अजून एक." तो स्टुलावर चढला आणि वरच्या फळीवरून दोन खोके काढून आणले. "कमरेचा पट्टा. प्रवासात पाठीला आधार राहील. माझ्याकडून आहे, नाही म्हणायचं नाही. तुम्ही शिवणकामातल्या, तुम्हाला बरोबर सांगता येईल. काकांची कंबर किती भरेल? मधली साइज देऊ की मोठी?"

उत्तर काही अवघड नव्हतं. मधली म्हणायचं आणि निघायचं. पण मावशींना ते म्हणवेना. वर्षभर त्यांनी जेवण, झोप, कबुतरं, वाटेल ते बेलाशक सांगितलं होतं. माप मात्र त्यांनी आयुष्यात कोणाचं खोटं सांगितलं नव्हतं. आणि ती कंबर त्यांच्या हातांना पाठ होती. आजारात दर आठवड्याला पँट सैल व्हायची आणि दर आठवड्याला त्या ती आत घ्यायच्या. शेवटी शिवण आणखी आत घ्यायला जागा उरली नाही, तेव्हा घडी घालून पिन लावली होती. आता कुठली साइज सांगायची?

"मधली देऊ?"

"ते नाहीत," मावशी म्हणाल्या.

"हो, लेकीकडे आहेत, कळलं. पण अंदाजाने…"

"लेकीकडे नाहीत. गेले ते. मागच्या हिवाळ्यात."

दुकानदार दोन्ही खोकी हातात धरून उभा राहिला. त्याने मावशींकडे पाहिलं, मग पट्ट्यांकडे, मग पट्ट्यांवरच्या त्यांच्या हाताकडे.

"मग या कोण घेतं?"

"मी."

"सगळ्या?"

"सगळ्या."

मग मात्र तो भडकला. "माझं लायसन जाईल, कळतंय का तुम्हाला? मी विश्वासावर देत होतो! आणि मी घरी रोज बायकोला सांगतो हो तुमच्या नवऱ्याचं, आज दोन घास जास्त खाल्ले, आज खिडकीत बसले! ती विचारते मला, काका कसे आहेत म्हणून!" बोलता बोलता त्याने पट्ट्या ओढल्या. त्या आल्या नाहीत. मावशींनी खरं सांगून टाकलं होतं, पण हात काही सुटत नव्हता. बोटं पांढरी पडली होती. एवढं सगळं बोलून झाल्यावरही आपण या पट्ट्या धरूनच आहोत, हे बघून मावशींना स्वतःची शरम वाटली, तरी हात सुटला नाही.

दुकानदाराला त्या हाताची थरथर दिसली. घाम दिसला, वाहणारं नाक दिसलं, आणि त्याचा आवाज खाली आला. औषधांचं दुकान चालवून तो या बाबतीत काही अगदीच कोरा राहिला नव्हता. "शेवटची कधी घेतलीत?" त्याने विचारलं. "काल," मावशी म्हणाल्या. त्याने शटर अर्धं ओढलं आणि त्यांना दंडाला धरून जिन्याने वर नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि फार बोलत नव्हत्या. त्यांनी नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली, आणि सांगितलं की एकदम बंद करायच्या नाहीत. या वयात शरीराला ते झेपत नाही. दर आठवड्याला थोड्या थोड्या उतरवत न्यायच्या. वेळ लागेल, त्रासही होईल, पण सुटतात. "गोळ्या तुमच्या ताब्यात नको," त्या म्हणाल्या. "घरातल्या कोणाकडे तरी ठेवू. घरी कोण असतं?"

मावशींनी सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं. "कोणी नाही," त्या म्हणाल्या. हे त्या पहिल्यांदाच मोठ्याने म्हणत होत्या.

डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या. दुकानदार दाराशीच उभा होता, अजून फुरंगटलेला. भिंतीकडे बघत तो म्हणाला, "माझ्याकडे ठेवा. रोज यायचं, माझ्यासमोर घ्यायची आणि जायचं. घरी न्यायच्या नाहीत." चिठ्ठीवर त्या दिवशी काकांच्या जागी मावशींचं नाव लागलं. लेकीलाही कळवायला हवं, असं डॉक्टरीणबाई निघताना म्हणाल्या. मावशींनी हो म्हटलं, पण फोन करायचं धैर्य त्या दिवशी काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या तेव्हा दुकानदाराने काही विचारलं नाही. त्याने गोळी कागदावर ठेवली, शेजारी पाण्याचा पेला ठेवला, आणि मावशींनी ती गिळेपर्यंत हिशेब करत असल्यासारखा खाली बघत राहिला. गोळीची मात्रा नेहमीपेक्षा जरा कमी होती. ती पोटात जाऊन काही करील तोवर बराच वेळ होता. एरवी या वेळेला काकांचं काही ना काही चाललेलं असायचं. आज दोघांनाही बोलायला विषय नव्हता. मावशींना निघायला हवं होतं, पण घरी जाऊन करायचं काय होतं? त्या काउंटरला धरून तशाच उभ्या राहिल्या.

"शेवटी त्रास झाला का हो त्यांना?" दुकानदाराने विचारलं. मान वर न करताच विचारलं.

हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. सगळे त्यांच्या खंबीरपणाचंच बोलून गेले होते. "झाला," मावशी म्हणाल्या. "फार झाला. कबुतरंबिबुतरं काही नाही. माझ्यावर ओरडायचे. आणि मग माझाच हात धरून ठेवायचे, सोडायचे नाहीत. मला उठताही यायचं नाही."

दुकानदाराने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिला. कधी न पाहिलेल्या माणसासाठी त्याचे डोळे भरून आले होते. तेवढ्यात खोकल्याचं औषध घ्यायला एक बाई आत आली. दोघांचे चेहरे बघून ती दारातच थबकली.

"काय झालं? कोण गेलं?"

"आमचे काका," दुकानदार म्हणाला.

"अरे देवा. कधी?"

"काल," तो म्हणाला. त्याच्यापुरतं ते खरंच होतं.

"नाही," मावशी म्हणाल्या. "वर्ष होईल आता." आणि काउंटरवर डोकं टेकून, त्या अनोळखी बाईसमोरच, त्या रडायला लागल्या.